मोजणीला निघण्यापूर्वी: उपग्रहाचा संकेत दबला तर

मुळशी, मावळ किंवा खेड तालुक्यात रोव्हर (उपग्रहांच्या संकेतावरून जागा सांगणारा फिरता रिसीव्हर) घेऊन जमीनमोजणीला निघणाऱ्या पथकाने उपग्रहाचा संकेत दिवसभरात केव्हाही दबू शकतो, हे धरूनच सामान बांधावे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत एका वॉटच्या अब्जाव्या भागाचाही जेमतेम कोट्यंश उरतो. त्यामुळे तो दाबायला जॅमरच (मुद्दाम संकेत अडवणारे यंत्र) हवा असे नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग बंदरात टीव्ही अँटेनांच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे जीपीएस निकामी झाले होते, आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता.

आदल्या दिवशी रिसीव्हर १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल-१ बरोबर ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल-५ संकेतही घेतो का, हे पाहावे. युरोपची गॅलिलिओ ही उपग्रह यंत्रणा सुरू केली म्हणून निर्धास्त राहू नये, कारण तिचाही एक मुख्य संकेत १५७५.४२ वरच येतो. आधार मिळतो तो वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा, उपग्रहांच्या संख्येचा नव्हे. आपल्या भारताच्या नाविक या उपग्रह यंत्रणेचा संकेत एल-५ वर आहे. रिसीव्हरमध्ये सोय असल्यास तो जरूर चालू करावा. टोटल स्टेशन (उपग्रहांशिवाय कोन आणि अंतर मोजणारे यंत्र), त्याचा प्रिझम, टेप आणि चार्ज केलेल्या बॅटऱ्या गाडीत असाव्यातच.

बेस (एका जागी स्थिर ठेवायचा रिसीव्हर) लावल्यावर प्रत्येक उपग्रहाच्या संकेताची ताकद वहीत लिहून घ्यावी; मोकळ्या आकाशाखाली डोक्यावरच्या उपग्रहांचे आकडे साधारणपणे ४५ डीबी-हर्ट्झच्या आसपास असतात. झाड किंवा इमारत आड आली तर त्या बाजूचेच आकडे उतरतात, पण सगळे एकदम उतरले तर व्यत्ययाची शंका घ्यावी. अशा वेळी रोव्हर छातीशी धरून सावकाश जागच्या जागी फिरावे: ज्या दिशेला पाठ केल्यावर उंचावरच्या उपग्रहांचे आकडे सुधारतात, उगम बहुधा त्याच दिशेला असतो.

बनावट संकेत याहून घातक, कारण पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की झाल्याची खूण) दिसतच राहतो आणि जागा मात्र चुकते. म्हणून सकाळी, दुपारी आणि आवरताना ज्ञात कंट्रोल पॉइंटवर (जागा आधीच अचूक मोजलेल्या खुणेवर) रोव्हर टेकवून पाहावा आणि दोन पॉइंटमधील अंतर टोटल स्टेशनने पडताळावे. मेळ बसत नसेल तर शेतकरी कितीही घाई करोत, बांधाच्या खुणा रोवू नयेत. एका चुकीच्या खुणेपायी भावाभावांत वर्षानुवर्षे दावे चालतात. कच्चा डेटा जपून ठेवावा आणि व्यत्ययाची वेळ, जागा व दिशा लिहून केंद्राच्या वायरलेस मॉनिटरिंग यंत्रणेकडे तक्रार करावी.