घरी बांधलेल्या विमानाचे पहिले उड्डाण: कोल्हापुरातील तयारीची यादी

घरच्या शेडमध्ये दोन आसनांचे हलके विमान बांधून ते उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून उडवायचे ठरले, की पहिली खरेदी पानांवर क्रमांक छापलेल्या जाड वहीची करावी. पत्रा, हत्यारे आणि इंजिन ही सगळी त्यानंतरची. कोल्हापूरला हाताच्या कौशल्याची वाण कधीच नव्हती. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा याच गावात घडवला, आणि उद्यमनगरात आजही नमुना हातात दिला की हुबेहूब तसाच भाग करून देणारे कारागीर भेटतात. विमानाची अडचण नेमकी या हुबेहूबपणात आहे. दोन भाग दिसायला सारखे असले तरी त्यांतला धातू कोणता, त्याला कोणते उष्णतासंस्कार झाले, हे डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला जाणवत नाही. म्हणून वहीत प्रत्येक भागासमोर त्याचा धातू, तो कोठून आला, त्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, तो कोणी बसवला आणि कोणी तपासला एवढे लिहिलेले असावे, आणि बसवणारा व तपासणारा या दोन माणसांच्या दोन वेगळ्या सह्या असाव्यात. ज्या भागासमोरची ओळ कोरी आहे तो भाग विमानावर चढवू नये, हा नियम पहिल्याच पानावर लिहावा.

कागदपत्रांची सुरुवात पहिला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा धातूचा खिळा, ठोकण्याआधी व्हायला हवी. भारतात १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. विमानाला व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारे नोंदणीचिन्ह मिळवणे आणि उड्डाणाची परवानगी घेणे, या दोन्ही गोष्टी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे डीजीसीएकडून, कराव्या लागतात. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. गच्चीवर विमान बांधण्याच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तयारी करणाऱ्याने त्या हकिकतीतून आधी ही वर्षे टिपून घ्यावीत. आपले विमान कोणत्या वर्गात बसते, तपासणी कोणत्या टप्प्यांवर होईल आणि कोणते जोड बंद करण्यापूर्वी दाखवावे लागतील, हे लेखी विचारून आलेले उत्तर वहीला जोडून ठेवावे, कारण एकदा पत्र्याने झाकलेला पंखाचा आतला भाग नंतर तपासणीसाठी उघडणे म्हणजे तो पंख पुन्हा बांधणेच होय.

जागेचा विचार करताना विमानाच्या लांबीरुंदीपेक्षा शेडच्या दाराची रुंदी आणि बाहेरच्या गल्लीचे वळण आधी मोजावे. कोल्हापूरच्या हवामानात वर्षाचे काम ऋतूप्रमाणे वाटून घ्यावे लागते. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की काचतंतूवर लावलेल्या इपॉक्सी राळेच्या पृष्ठावर चिकट, मेणचट थर येतो, आणि तो धुऊन घासून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. आम्ही एका जुलैत शेपटाची टोके याच कारणाने दोनदा केली. तेव्हापासून शेडमध्ये तापमापक आणि आर्द्रतामापक टांगलेले असतात आणि प्रत्येक थराच्या वेळचे आकडे वहीत उतरतात. पावसाळ्यात वायरिंग, आसने, मोजमापे आणि वाचन करावे; चिकटवणे आणि रंग दिवाळीनंतर घ्यावेत.

धातूच्या बाबतीत आराखड्यात जे लिहिले आहे तेच घ्यावे. हलक्या विमानांत बहुधा ६०६१-टी६ किंवा २०२४-टी३ या जातींचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि ४१३० या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची नळी वापरतात. २०२४ ची ताकद जास्त असते, पण शुद्ध ॲल्युमिनियमचे आवरण नसेल तर ते ओल्या हवेत लवकर गंजते, आणि एकाच्या जागी दुसरे वापरून चालत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतून उत्तम ओतकाम होते; तरीही ज्या भागावर पंखाचा किंवा सुकाणूचा भार येतो तिथे आराखड्यात नसलेला ओतीव भाग बसवू नये. स्थानिक कारागिरांकडून जिग व फिक्स्चर, म्हणजे भाग जागच्या जागी धरून ठेवणारे साचे, तसेच स्टँड, पत्रा वाकवण्याचे ठोकळे करून घ्यावेत. त्यांच्या अचूकतेचा विमानाला खरा फायदा तिथेच होतो, कारण जिग एक मिलिमीटर चुकला तर पंखात जो पीळ येतो तो पुढे आयुष्यभर विमान वळवण्याची काठी एका बाजूला धरायला लावतो.

रिव्हेटच्या कामाला महिनेच्या महिने लागतात, म्हणून त्याची कसोटी आधीच ठरवून घ्यावी. भोक पाडल्यावर दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उठलेली धारदार कोर, काढलीच पाहिजे, कारण राहिलेली बर दोन पत्र्यांमध्ये फट ठेवते आणि पुढे तिथूनच चीर सुटते. भरीव रिव्हेट ठोकल्यावर तयार झालेल्या डोक्याचा व्यास रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी, म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला सुमारे ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच डोके यायला हवे. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर सर्वसाधारणपणे व्यासाच्या दुपटीहून कमी नसावे. बिघडलेला रिव्हेट काढताना भोक मोठे होण्याचा धोका असतो, तेव्हा थोडासा तिरका बसलेला रिव्हेट तसाच ठेवावा की काढावा हे अनुभवी माणसाला विचारूनच ठरवावे. सरावासाठी टाकाऊ पत्र्यावर काही शे रिव्हेट ठोकून मगच पंखाच्या खऱ्या बरगडीला हात लावावा.

नटबोल्टच्या बाबतीत हाताच्या अंदाजावर जाऊ नये. तीन षोडशांश इंचाच्या एएन३ बोल्टला २० ते २५ इंच-पौंड आणि पाव इंचाच्या एएन४ ला ५० ते ७० इंच-पौंड एवढाच पीळ द्यायचा असतो. गाडीच्या कामाची सवय असलेला हात याहून कितीतरी जास्त जोर लावतो आणि बोल्ट ताणून ठेवतो, तो वरून मात्र घट्टच दिसतो. म्हणून पीळ मोजून देणारा टॉर्क पाना घ्यावा, तो तपासून आणावा, आणि पीळ दिल्यावर नटापासून पत्र्यापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढावी, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. नटाबाहेर किमान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे. जो बोल्ट सांध्यात फिरतो, म्हणजे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटाची फळी), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी) आणि एलरॉन (पंखांच्या टोकांकडची, विमान कलवणारी) यांच्या जोडकामातला, त्याला खाचांचा नट आणि त्या खाचेतून जाऊन नट अडवणारी कॉटर पिनच हवी. नायलॉनचा नट तिथे पुरत नाही. या सगळ्या सांध्यांची तपासणी बांधणाऱ्याने स्वतः करून झाल्यावर, ज्याने त्या भागाला कधी हात लावलेला नाही अशा माणसाकडून पुन्हा करून घ्यावी. त्याच वेळी त्याने काठी डावीकडे नेऊन डावे एलरॉन वर जाते का, काठी मागे ओढल्यावर एलिव्हेटरची मागची कड वर उठते का, हे मोठ्याने बोलून तपासावे, कारण उलट्या जोडलेल्या दोऱ्यांनी विमाने पडल्याच्या घटना खऱ्या आहेत आणि बांधणाऱ्याच्या डोळ्याला ती चूक वर्षभर सरावाची झालेली असते.

इंजिन रोटॅक्स ९१२ जातीचे असेल, आणि हलक्या विमानांत ते फार वापरले जाते, तर कोल्हापूरकराने सर्वांत जास्त वेळ इंधनाला द्यावा. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांतूनच इथेनॉल तयार होते, आणि २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधले त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. या इंजिनाला मात्र १० टक्क्यांपर्यंतच मान्यता आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि ओलावा वाढला की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळूनच निघत असल्याने धोका उघड आहे. शिवाय काही रबरी नळ्या, सील आणि काचतंतूच्या टाक्यांतील राळ इथेनॉलने मऊ पडते. तपासणी घरी होते: १०० मिलिलिटरच्या मोजनळीत १० मिलिलिटर पाणी घेऊन वर ९० मिलिलिटर पेट्रोल ओतावे, झाकण लावून चांगले हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. पाण्याची रेषा १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. ती २८ च्या आसपास गेली तर ते सुमारे २० टक्के आहे. ही चाचणी प्रत्येक नव्या कॅनला करावी आणि निकाल तारखेसह वहीत लिहावा. चालणारे इंधन जवळ मिळत नसेल तर त्याची सोय आणि साठवणुकीची परवानगी इंजिन विकत घेण्यापूर्वीच पक्की करावी.

इंधन योग्य असले तरी ते पुरेसे पोहोचते का हे वेगळे तपासावे लागते. विमान चढाईत जेवढे नाक वर करते त्याहून थोडे जास्त नाक वर करून ठोकळ्यांवर ठेवावे, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मापाच्या भांड्यात धरावी आणि पाच मिनिटे वेळ लावावी. पंपाने इंधन येत असेल तर पूर्ण जोरावरच्या खपाच्या १२५ टक्के आणि केवळ उतारावरून येत असेल तर १५० टक्के प्रवाह मिळायला हवा. १०० अश्वशक्तीच्या रोटॅक्सचा पूर्ण जोरावरचा खप ताशी सुमारे २७ लिटर आहे, म्हणजे पंपाच्या चाचणीत पाच मिनिटांत सुमारे २.८ लिटर जमा झाले पाहिजे. टाकीत थोडेच इंधन उरलेले असतानाही हीच चाचणी करावी. ती करताना इग्निशन, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा, बंद असावे आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे.

वेगमापकावर विसंबण्यापूर्वी तो पाण्याच्या नळीने पडताळावा. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून अर्धी पाण्याने भरावी आणि समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या पिटो नळीला जोडून अगदी हळू दाब द्यावा. दोन बाजूंच्या पाण्यात ४८ मिलिमीटरचा फरक पडला की काटा ताशी १०० किलोमीटरवर असला पाहिजे. दाब धरून ठेवल्यावर काटा खाली येऊ लागला तर कुठेतरी गळती आहे.

वजनासाठी तीन सारखे इलेक्ट्रॉनिक काटे लागतात. शाहू मार्केट यार्डात गूळ तोलण्याचे काटे असतात. ते मागून आणावेत, पण प्रमाणित वजने ठेवून आधी तपासावेत. शेडची दारे बंद करून, विमान उड्डाणात असते तसे समतल ठेवून, तेल भरलेले आणि वापरता येणारे इंधन काढलेले अशा स्थितीत तोलावे. समजा दोन मुख्य चाकांवर मिळून २६२ किलो आणि नाकाच्या चाकावर ५८ किलो भरले, मुख्य चाके पंखाच्या पुढच्या कडेपासून ०.६२ मीटर मागे आणि नाकाचे चाक ०.८० मीटर पुढे आहे. तर २६२ गुणिले ०.६२ मधून ५८ गुणिले ०.८० वजा करून ३२० ने भागले की गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ०.३६ मीटरवर येतो. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी १.४० मीटर असेल तर हे सुमारे २६ टक्के झाले. मग वैमानिक, इंधन आणि सामान यांच्या प्रत्येक संभाव्य मांडणीसाठी हीच आकडेमोड करून उत्तर आराखड्याच्या मर्यादेत राहते का ते पाहावे. मागच्या मर्यादेपलीकडचे एक सेंटिमीटरही मान्य करू नये, कारण शेपटाकडे जड झालेले विमान स्टॉल झाल्यावर, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखांची उचल तुटल्यावर, नाक खाली घेईलच असे नाही आणि गरगरत खाली येणाऱ्या चक्रात सापडले तर बाहेर येईलच असे नाही.

वैमानिकाची तयारी विमानाइतकीच लेखी असावी. खासगी परवान्याला किमान ४० तासांचे उड्डाण लागते, पण परवाना जुना असेल तर तशाच हलक्या विमानात प्रशिक्षकाबरोबर ताजे तास घ्यावेत आणि कमी वेगातले वळण, स्टॉल व इंजिन बंद ठेवून उतरणे यांचा सराव करावा. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंच आहे. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमान असताना हवा इतकी विरळ होते की विमानाला ती ५००० फुटांहून जास्त उंचीवरच्या हवेसारखी लागते. साध्या इंजिनाची शक्ती तेव्हा सुमारे १५ टक्क्यांनी घटते आणि धाव लांबते. म्हणून पहिले उड्डाण हिवाळ्यातल्या सकाळी, वारा पाच नॉटच्या आत असताना ठेवावे. त्याआधी धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडचा प्रदेश मोटारसायकलने फिरून पाहावा: कोणती शेते मोकळी आहेत, कुठे ऊस उभा आहे, विजेच्या तारा कुठून जातात. उभ्या उसात उतरणे आणि तोडणी झालेल्या फडात उतरणे यांत फार फरक आहे, आणि गळीत हंगामात हे चित्र आठवड्या-आठवड्याला बदलते, तेव्हा आदल्या दिवशी पुन्हा पाहणी करावी. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले तर मागे वळायचे नाही, समोरच्या मोकळ्या पट्ट्यातच उतरायचे, हे उड्डाणापूर्वी मोठ्याने म्हणावे.

या विमानतळावरून नियमित प्रवासी विमाने ये-जा करतात, म्हणून वेळ हवाई वाहतूक नियंत्रकांशी आधी ठरवून घ्यावी. जमिनीवरच्या मदतनिसांना झाकण बाहेरून कसे उघडते, पट्टे कसे कापायचे, इंधन आणि बॅटरी कुठून बंद होते हे प्रत्यक्ष करून दाखवावे. आधी चालण्याच्या वेगाने, मग थोड्या जास्त वेगाने विमान जमिनीवर फिरवावे आणि प्रत्येक फेरीनंतर ब्रेक, तेल, पाणी पाहावे. धावण्याच्या चाचण्या फार वेगात करू नयेत, त्यात विमान अवेळी उचलले जाते. इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर नेऊन दोन इग्निशनपैकी एकेक बंद करावे. फेऱ्या ३०० पेक्षा जास्त उतरल्या तर तो दिवस तिथेच थांबवावा.

पहिल्या उड्डाणात वैमानिक एकटा असावा. सोबतीचे आसन रिकामे ठेवावे. इंजिन बंद पडले तरी धावपट्टीपर्यंत तरंगत परतता येईल एवढ्या अंतरात राहून उंची घ्यावी, सुरक्षित उंचीवर स्टॉलच्या जवळपासचा वेग ओळखून घ्यावा, आणि उतरण्याचा वेग त्यावरून ठरवावा. वीस-पंचवीस मिनिटांत परत यावे. उतरल्यावर नारळ आणि पेढे बाजूला ठेवून इंजिनावरचे झाकण काढावे, गळती आणि तुटलेल्या रंगरेघा शोधाव्यात, एक्झॉस्टचे सांधे पाहावेत, आणि प्रोपेलर लाकडी असेल तर त्याच्या बोल्टांचा पीळ पुन्हा तपासावा, कारण ओल्या ऋतूत बसवलेले लाकूड हिवाळ्यात आकसते. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला इंजिन व प्रोपेलर प्रमाणित असतील तर २५ आणि नसतील तर ४० तासांची चाचणी उड्डाणे ठरवून देण्याचा प्रघात आहे; आपल्या परवानगीत जेवढे तास असतील तेवढे प्रवाशाविना पूर्ण करावेत. त्या दिवशीची नोंद वहीत पूर्ण होऊन दोन्ही सह्या पडल्याशिवाय दुसऱ्या उड्डाणासाठी टाकीत इंधन भरू नये.