केसांची कड: फोटोतून बॅकग्राऊंड काढायला शिकताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फोटो स्टुडिओत किंवा फ्लेक्सच्या दुकानात नव्याने लागलेल्या मुलामुलींच्या हाती बहुतेक वेळा आधी येतं ते कटिंगचं काम. पासपोर्ट फोटो पांढऱ्यावर घेणं, अल्बमसाठी नवरा-नवरी सुटी करणं, वाढदिवसाच्या बॅनरवरचे मित्रमंडळींचे चेहरे काढणं. खांदे आणि कॉलर फोटोशॉपच्या पेन टूलने चार दिवसांत जमायला लागतात. अडतं ते केसांपाशी.

केसाची कड ही रेघ नसते, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. सुटा केस बऱ्याचदा एका पिक्सेलपेक्षाही बारीक असतो. मग त्या पिक्सेलमध्ये थोडा केसाचा आणि थोडा मागच्या भिंतीचा रंग मिसळून येतो. म्हणून कामं दोन आहेत: पिक्सेल किती दिसू द्यायचा हे मास्कने ठरवायचं आणि त्यात मुरलेला भिंतीचा रंग वेगळा काढायचा. नवखे पहिलं काम करून थांबतात, आणि केसांभोवती पांढरट किंवा हिरवट झालर उरते.

फोटोशॉपमध्ये आधी सिलेक्ट सब्जेक्ट, मग सिलेक्ट अँड मास्क (कंट्रोल, आल्ट आणि आर). इथे रेडियस, म्हणजे कडेचा किती रुंद पट्टा मऊ धरायचा ते माप, शून्यावर ठेवा. तो सगळीकडे वाढवला की कान आणि खांद्याची कडही मऊ पडते. फक्त केसांच्या पट्ट्यावरून रिफाइन एज ब्रश फिरवा आणि डोक्याच्या आत शिरू नका, नाहीतर भांगात भोकं पडतात. मागे सपाट भिंत असेल तर कलर अवेअर मोड, झाडं किंवा गर्दी असेल तर ऑब्जेक्ट अवेअर. कड गुळगुळीत आणि मऊ करणाऱ्या स्मूद आणि फेदरला हात लावू नका, त्यांनी बटा वितळतात. डीकंटॅमिनेट कलर्स हा पर्याय मूळ पिक्सेलचे रंगच बदलतो, म्हणून आउटपुट नेहमी मास्कसह नव्या लेयरवर घ्या.

मागे सपाट भिंत आणि पुढे काळे केस असतील तर चॅनेलची जुनी पद्धत आजही जास्त भरवशाची वाटते. फोटोतला प्रत्येक मूळ रंग वेगळा दाखवणारे लाल, हिरवा, निळा चॅनेल एकेक करून बघा आणि ज्यात केस व भिंत यांत सर्वांत जास्त फरक दिसतो त्याची प्रत काढा. मागे झाडी असेल तर बहुधा हिरवा, निळं आकाश असेल तर निळा. कंट्रोल आणि एलने लेव्हल्स उघडून केस काळे आणि भिंत पांढरी करत आणा, पण शेवटपर्यंत ओढू नका. मधले करडे पिक्सेल म्हणजेच बारीक केस. ते गेले की डोकं कात्रीने कापल्यासारखं दिसतं. उरलेलं गडद करणाऱ्या बर्न टूलने शॅडोजवर आणि उजळ करणाऱ्या डॉज टूलने हायलाइट्सवर, १० ते २० टक्के एक्सपोजर ठेवून करा. चेहरा आतून काळ्या ब्रशने भरा, कंट्रोल आणि आयने उलटवा, कंट्रोल दाबून चॅनेलच्या चित्रावर क्लिक करा, आरजीबीवर परत येऊन मास्क लावा.

आता रंग. कापलेल्या लेयरवर नवा लेयर घ्या आणि कंट्रोल, आल्ट व जीने तो खालच्याला क्लिप करा. आल्ट दाबून आतल्या केसांचा रंग उचला आणि मऊ ब्रशने कडेवरून फिरवा. झालर पांढरी असेल तर लेयरचा मोड डार्कन ठेवा, हिरवट असेल तर कलर. क्लिप केल्यामुळे रंग बाहेर सांडत नाही, केसांची पारदर्शकता तशीच राहते.

नवं बॅकग्राऊंड फिकं असेल तर आणखी सोपी वाट आहे. मूळ फोटो वर ठेवून मोड मल्टिप्लाय करा आणि मास्कने फक्त केसांचा पट्टा दिसू द्या. भिंत लेव्हल्सने पूर्ण पांढरी केलेली असली की ती आपोआप नाहीशी होते. गडद बॅकग्राऊंडवर ही युक्ती चालत नाही. तिथे डोक्यामागे थोडा उजळ भाग ठेवणं हाच प्रामाणिक उपाय.

तपासणी पांढऱ्यावर करून भागत नाही. खाली भगव्या रंगाचा लेयर टाकून बघा. इथल्या शिवजयंती आणि गणेशोत्सवाच्या बॅनरना तोच रंग लागतो, आणि पांढऱ्या भिंतीची झालर त्यावर लगेच उघडी पडते.

गजरा पांढऱ्या भिंतीसमोर असेल तर चॅनेल त्याला भिंतच समजतो. तो पेन टूलने वेगळा कापून मास्कमध्ये जोडा. मुंडावळ्यांच्या सरांमधल्या फटी एकेक वजा कराव्या लागतात. घोंगडीच्या तंतूंना केसांसारखंच वागवा. मुधोळ जातीच्या आखूड केसांच्या कुत्र्याला पेन टूल आणि अर्धा पिक्सेल फेदर पुरतं, पण पश्मी जातीच्या कुत्र्याच्या कानाशेपटीच्या झुलत्या केसांना रिफाइन ब्रशच हवा, तोही केसांच्या दिशेने आतून बाहेर.

वेळ कुठे घालायचा तेही शिका. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, फक्त ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. त्यात सुटे केस दिसत नाहीत, कड मऊ असली की झालं. मोठ्या फ्लेक्सवर लांबून केस नाही, झालर दिसते. १२ बाय ३६ इंची अल्बमचं पान मात्र हातात घेऊन बघितलं जातं. तिथे घाई नको.

फोटो तुम्हीच काढणार असाल तर माणूस भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे उभा करा आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते ८ ठेवा. खानापूरच्या पावसाळी हिरवाईत हनुवटीखाली आणि मानेवर हिरवी छटा चढते, ती कटिंगनंतर वेगळी काढा. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नुसता पाठवला की दाबला जाऊन केसांची कड आधीच चौकोनी होते.

काम मास्कसह पीएसडीत, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलमध्ये, ठेवा आणि दुसऱ्या कुणाला कटआउट द्यायचा तर पीएनजी द्या, कारण जेपीजीत पारदर्शकता राहत नाही. मास्क शाबूत असला की उद्या बॅनरचा रंग बदला म्हणून सांगत गिऱ्हाईक आलं तरी केसांना पुन्हा हात लावावा लागत नाही.