प्रेअरीतल्या तलावाकाठी सहकुटुंब मुक्काम: आधी वाऱ्याचा विचार

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात तलावाकाठी तंबू ठोकायचे ठरले की बहुतेक कुटुंबे सर्वप्रथम पाण्याला अगदी लागून असलेली जागा शोधू लागतात, आणि बेत बिघडतो तो तिथेच. प्रांताचा दक्षिण भाग म्हणजे उघडी, गवताळ प्रेअरी. तिथे वाऱ्याला अडवायला ना डोंगर ना दाट रान, आणि लांबट तलावावरून येणारा वारा वाटेत कुठेही न अडता थेट तंबूवर येऊन धडकतो. म्हणून जागा, तंबू, स्वयंपाक आणि पोहणे या सर्वांचा विचार इथे वाऱ्यापासून सुरू करावा. पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठी आयत्या तंबूत आणि आयत्या जेवणावर राहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की इथे भाड्याने मिळते ती साधारणपणे फक्त जागा, जेवणाचे मेज आणि शेकोटीचा खड्डा. बाकी सगळे आपले आपण न्यायचे असते. ज्यांच्याकडे काहीच सामान नाही त्यांच्यासाठी काही प्रांतीय उद्यानांत ‘कॅम्प-ईझी’ नावाची सोय आहे, जिथे तंबू आणि स्वयंपाकाची मुख्य साधने तयार मिळतात. पहिल्या खेपेला तीच घ्यावी, असे माझे मत आहे.

तलाव निवडताना लहान मुले असलेल्या घरांनी क्वापेल खोऱ्यापासून सुरुवात करावी. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने कोरलेले हे खोरे आजूबाजूच्या सपाटीपेक्षा बरेच खाली असल्यामुळे वरच्या वाऱ्याचा जोर तिथे काहीसा कमी लागतो, आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ओल टिकत असल्याने झाडेही दिसतात. पास्क्वा आणि एको या दोन तलावांच्या मधले एको व्हॅली उद्यान प्रांताची राजधानी रिजायनापासून साधारण तासाभराच्या अंतरावर आहे, तर मूस जॉ शहराच्या ईशान्येला बफेलो पाउंड उद्यान आहे. बफेलो पाउंडचा तलाव अरुंद आणि उथळ असल्याने त्याचे पाणी लवकर कोमट होते, पण त्याच कारणाने उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्यावर निळे-हिरवे शेवाळ धरण्याची शक्यताही अधिक असते.

डीफेनबेकर तलावाची गोष्ट निराळी आहे. साउथ सस्कॅचवान नदीवर 1967 मध्ये पूर्ण झालेल्या गार्डिनर धरणामुळे तयार झालेला हा जलाशय सुमारे 225 किलोमीटर लांब असून डॅनियलसन, डग्लस आणि सस्कॅचवान लँडिंग ही तीन प्रांतीय उद्याने त्याच्या काठावर आहेत. (तलाव कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानांच्या नावाचा, धरण लिबरल मंत्र्याच्या नावाचे आणि डग्लस उद्यान समाजवादी मुख्यमंत्र्याच्या नावाचे, हयातीत एकमेकांविरुद्ध निवडणुका लढवणाऱ्या पक्षांचे हे पुढारी इथे एकाच पाण्याभोवती नांदतात.) पाणी रॉकी पर्वतांकडून येत असल्याने ते गार असते, वारा सुटला की लाटा चांगल्याच उसळतात आणि काही ठिकाणी काठाच्या मातीच्या कडा ढासळत असतात, त्यामुळे मुलांना कड्याच्या टोकाशी जाऊ देऊ नये. डग्लसमधल्या वाळूच्या टेकड्या मात्र मुलांना दिवसभर पुरतात. शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीहून येणाऱ्यांना सस्कॅचवान लँडिंग सोयीचे पडते. आधी सुमारे 500 किलोमीटरवरचे स्विफ्ट करंट गाठायचे आणि तिथून उत्तरेला वळायचे.

आरक्षण वसंतात, हंगाम सुरू होण्यापूर्वीच करावे लागते. सर्व उद्यानांची नोंदणी एकाच दिवशी खुली होत नाही, त्यामुळे आपल्या उद्यानाची तारीख आधी पाहून ठेवावी आणि पसंतीच्या दोनतीन जागांचे क्रमांक कागदावर लिहून तयार असावे. जोडून सुट्या आलेल्या आठवड्यांत जागा हा हा म्हणता संपतात. रविवार ते गुरुवार असा बेत ठेवला तर निवडीला वाव राहतो. उद्यानात वाहन नेण्याचा परवाना जागेच्या भाड्यात धरलेला नसतो, हे खर्चाचा अंदाज करताना विसरू नये.

जागेचा नकाशा पाहताना उत्तर दिशा ओळखावी आणि पश्चिम व वायव्य बाजूला झाडी आहे की नाही ते तपासावे, कारण उन्हाळी वादळे बहुधा त्याच अंगाने येतात आणि दुपारनंतरचे कडक ऊनही पश्चिमेचेच असते. मात्र चारही बाजूंनी झाडीत दडलेली जागा घेऊ नये. वारा पडला की डास आलेच, त्यामुळे एक बाजू मोकळी असलेली बरी. वाळलेल्या फांद्या असलेल्या जुन्या पॉपलर झाडाखाली तर तंबू मुळीच ठोकू नये.

उंच, सरळ भिंतींचा तंबू दुकानात प्रशस्त वाटतो, पण प्रेअरीत बुटका, घुमटाकार तंबूच टिकतो. त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवावे. तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या वाळलेल्या चिकणमातीत वाकतात आणि वाळूत उपटून येतात, म्हणून जाड पोलादी खुंट्या, हातोडी आणि वाळूसाठी लांब, रुंद खुंट्या वेगळ्या घ्याव्यात. खुंटी तंबूच्या विरुद्ध बाजूला कलती ठोकावी आणि बाजूच्या ताणदोऱ्या हवा शांत असतानाच बांधून टाकाव्यात. वाऱ्यात सर्वांत आधी उडते ती मेजावरची छत्री किंवा मांडव. फिरायला निघण्यापूर्वी ती उतरवून ठेवावी. विजा चमकू लागल्या की तंबूत न थांबता सर्वांनी मोटारीत बसावे. हवामानाचे इशारे देणारी ‘वेदरकॅन’ आणि ‘सस्कअलर्ट’ ही ॲप आधीच फोनवर घ्यावीत, मात्र खोऱ्यात सिग्नल हमखास मिळेलच असे नाही, तेव्हा आकाशाकडेही लक्ष असू द्यावे.

जुलैत दिवसा 26 अंशांच्या आसपास असलेले तापमान पहाटे 12 अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते, म्हणून मुलांसाठी लोकरी टोपी आणि जाड मोजे सामानात असावेतच. अंथरुणाखाली चटई नसेल तर वर कितीही पांघरले तरी जमिनीचा गारवा अंगात शिरतो. जूनअखेर सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो आणि उजेडात मुले झोपायला तयार होत नाहीत, तेव्हा जेवणाची वेळही त्याच हिशेबाने पुढे सरकवावी.

स्वयंपाकासाठी दोन बर्नरची शेगडी आणि तिला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा असावा. आडोसा नसेल तर ज्योत एका अंगाला झुकते आणि थालीपीठ एका कडेला करपून मधे कच्चे राहते. वारा आहे म्हणून शेगडी तंबूत नेणे प्राणघातक ठरू शकते. आग लागण्याइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. भाजणी, मेतकूट, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी एवढे असले तर दोन दिवस निभावतात. ऑगस्टमध्ये अल्बर्टातल्या टेबर गावची मक्याची कणसे रस्त्याकडेला मिळतात, ती सालासकट निखाऱ्यावर ठेवावीत आणि वरून तिखट, मीठ, लिंबू लावावे. लाकडे घरून आणू नयेत. झाडांचा रोग पसरू नये म्हणून एल्म झाडाचे लाकूड नेणे-आणणे या प्रांतात बेकायदा आहे. शेकोटीला बंदी असेल तर तशी सूचना प्रवेशद्वारावर लावलेली असते.

पाण्यात उतरण्याचा वेळ सकाळचा, कारण वाऱ्याचा जोर बहुधा दुपारी वाढतो. किनाऱ्यावर जीवरक्षक असेल असे गृहीत धरू नये. हवा भरलेली खेळणी आणि तराफे मला या तलावांवर मुळीच पसंत नाहीत: काठाकडून तलावाकडे वारा असेल तर पाणी काठाशी शांत दिसते आणि तराफ्यावर बसलेले मूल पाहता पाहता खोल पाण्यात जाते. जीवरक्षक जाकीट घालूनच मुलांना सोडावे. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर दिसला तर कोणीही त्यात उतरू नये आणि कुत्र्यालाही ते पाणी पिऊ देऊ नये.

मे-जूनमध्ये गवतातून फिरून आल्यावर गोचीड पाहावे लागतात: कानामागे, केसांत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली. रुतलेला गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावा. त्यावर तेल किंवा जळती काडी वापरू नये. जुलैत ओहोळांच्या काठी सस्कटून बेरीची झुडपे जांभळ्या फळांनी लगडतात, पण ओळख पक्की असल्याशिवाय मुलांना तोडून खाऊ देऊ नये.

निघताना शेकोटीवर पाणी ओतून राख ढवळावी आणि हाताला गार लागेपर्यंत पुन्हा ओतावे. ओला तंबू गुंडाळून न्यावा लागला तर घरी त्याच दिवशी पसरून वाळवावा. बरोबर होडी असेल तर तिचे बूच काढून सर्व पाणी काठावरच सांडावे आणि प्रवासभर बूच काढलेलेच ठेवावे. उपद्रवी झेब्रा शिंपल्यांचा फैलाव रोखण्यासाठी सस्कॅचवानमध्ये हे कायद्याने बंधनकारक आहे, आणि वाटेत तपासणी नाका लागला तर होडी घेऊन जाणाऱ्यांना तिथे थांबावे लागते.