आइसलँडमध्ये स्वतः गाडी चालवायची असेल तर

पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा गोवा ज्याने एका दिवसात, वाटेत निवांत जेवणासाठी थांबूनही, गाडीने पार केला आहे, त्याला आइसलँडच्या नकाशावरची अंतरे फारशी भयंकर वाटत नाहीत, आणि नियोजन तिथेच बिघडते. बेटाला वळसा घालणारा मुख्य रस्ता, म्हणजे मार्ग क्रमांक १, सुमारे १,३२० किलोमीटर लांबीचा आहे आणि कागदावर तो पाच दिवसांत सहज बसतो. प्रत्यक्षात मात्र त्या बेटावर दिवसाचा हिशेब किलोमीटरवर होत नाही. वारा, उजेड आणि रस्त्याची अवस्था यांवर होतो. म्हणून पूर्ण फेरीसाठी गाडी हाती असलेले किमान दहा दिवस धरावेत आणि त्यांतले दोन दिवस कोणत्याही ठिकाणाच्या नावे न लावता मोकळे ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढी रजा नसेल तर फेरीचा हट्ट सोडून राजधानी रेक्याविक ते आग्नेयेकडचे हॉफ्न गाव हा दक्षिण किनाराच नीट पाहावा आणि त्याच वाटेने परतावे.

पहिल्या खेपेसाठी जून ते ऑगस्ट हाच काळ योग्य आहे. जूनमध्ये रात्र जवळजवळ होतच नाही, त्यामुळे अंधाराआधी मुक्काम गाठण्याची घाई राहत नाही. डिसेंबरमध्ये रेक्याविकला जेमतेम चार-पाच तासांचा उजेड मिळतो आणि बर्फावर गाडी चालवण्याची सवय नसलेल्याने त्या वाटेला जाऊच नये. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेल्यास किनाऱ्याचा रस्ता बहुधा मोकळा मिळतो, परंतु मधल्या उंच पठारावरचे रस्ते बर्फामुळे बंदच असतात. ते साधारण जूनच्या अखेरीपासून पुढे, एकेक करून, उघडतात.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. आइसलँड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. ज्या गोमंतकीयांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांना तो लागत नाही, मात्र गाडी चालवण्याचा परवाना त्यांनाही दाखवावाच लागतो. आपला परवाना रोमन लिपीत छापलेला असल्याने तो तिथे समजतो, तरीही आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो आणि गाडी भाड्याने देणाऱ्या खिडकीवरची हुज्जत वाचवतो. मूळ परवाना मात्र बरोबर असलाच पाहिजे. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे असावे आणि त्याचा पिन पाठ असावा, कारण पुढे पेट्रोल पंपावर त्यावाचून अडते.

गाडी निवडताना आधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मधल्या पठारावर जायचे आहे की नाही? नसेल, तर उन्हाळ्यात साधी लहान गाडीही मार्ग क्रमांक १ वर पुरते. ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' हे अक्षर असते, त्यांवर मात्र फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीखेरीज जाण्यास कायद्यानेच मनाई आहे आणि गाडी तशी असली तरी भाड्याचा करार परवानगी देतो का, हे वेगळे तपासावे लागते. गिअर उजव्या हाताने बदलण्याची सवय नसल्यामुळे ऑटोमॅटिक गाडी घेणे शहाणपणाचे आहे. विम्यात खडीपासूनचे संरक्षण जरूर घ्यावे. दक्षिण किनाऱ्याने जाणाऱ्याने वाळू आणि राखेपासूनचेही घ्यावे, कारण तिथले वादळ गाडीचा रंग खरवडून काढते. मात्र नदी ओलांडताना इंजिनात शिरलेले पाणी, गाडीच्या तळाला बसलेला मार आणि वाऱ्याने उपटलेले दार या तीन गोष्टी बहुतेक विम्यांत बसत नाहीत. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, काच, चाकांच्या रिम आणि दारांच्या कडा यांची छायाचित्रे त्याच खिडकीसमोर काढून ठेवावीत.

उजव्या बाजूचा पहिला तास

गोव्याहून आइसलँडला थेट विमान नाही. दाबोळी किंवा मोपाहून निघालेला माणूस दोन-तीन विमाने बदलून केफ्लाविकला उतरतो तेव्हा त्याची झोप पूर्ण उडालेली असते. अशा अवस्थेत रस्त्याच्या उजव्या बाजूने, उलट्या बाजूला असलेल्या स्टिअरिंगवर बसून लांब पल्ला गाठू नये. पहिली रात्र विमानतळाजवळ किंवा सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या रेक्याविकमध्ये काढावी.

सकाळी निघताना आधी गाडी उभी असतानाच हात फिरवून घ्यावा. बहुतेक भारतीय गाड्यांत इंडिकेटरचा दांडा उजवीकडे असतो, तिथे तो डावीकडे असतो. त्यामुळे पहिल्या दिवशी वळताना हमखास वायपर सुरू होतात, त्याने गांगरून जाऊ नये. हेडलाइट दिवसाही चालू ठेवणे बंधनकारक आहे. काही गाड्यांत पुढचे दिवे आपोआप लागतात पण मागचे लागत नाहीत, म्हणून दिव्याचे बटण स्वतः फिरवून मागे जाऊन पाहावे. सर्कलवर वाहने घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि दुहेरी सर्कलमध्ये आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याला अग्रहक्क असतो, ही तिथली खास रीत आहे. बाहेरच्या लेनमध्ये असलेल्याने त्याला वाट द्यावी. वेगमर्यादा वस्तीत साधारणपणे ताशी ५०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि डांबरी रस्त्यावर ९० किलोमीटर आहे. कॅमेरे आहेत, दंड जबर आहे आणि तो गाडीच्या कंपनीमार्फत घरी परतल्यावरही गाठतो.

वारा आणि दार

आपल्याला पावसात गाडी चालवण्याची सवय असते. चोर्ला किंवा अनमोड घाट भर जुलैमध्ये चढलेल्या माणसाला पाण्याची भीती दाखवण्याचे कारण नाही. आइसलँडमध्ये खरा धाक वाऱ्याचा आहे. तिथले हवामान खाते वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये देते आणि तो आकडा आपल्या डोक्यात बसत नाही, म्हणून त्याला ३.६ ने गुणावे: सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. पंधराच्या पुढे उंच गाडीने जपून राहावे, आणि वीसच्या पुढे कॅम्परव्हॅन घेऊन रस्त्यावर नसावे. ज्या ठिकाणी डोंगरांच्या पोटातून झोत सुटतात तिथे रस्त्याच्या कडेला विजेच्या पाट्यांवर वाऱ्याचा चालू वेग आणि झोताचा वेग दिसतो. दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे.

दाराची गोष्ट क्षुल्लक वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो. गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी, म्हणजे वारा दाराला उघडण्याऐवजी बंद करू पाहतो. मग काच थोडी खाली घ्यावी, एक हात दाराच्या आतल्या मुठीवर आणि दुसरा वरच्या चौकटीवर ठेवावा, आणि दार वीतभर उघडून वाऱ्याचा जोर अजमावल्यावरच पाय बाहेर टाकावा. मागच्या सीटवरच्या मुलांना दाराला हात लावू देऊ नये. त्यांचे दार मोठ्या माणसाने बाहेरून उघडावे. पाठीमागून वारा असताना बेसावधपणे उघडलेले दार बिजागरीसकट मागे वळते आणि तो खर्च थेट आपल्या खिशातून जातो.

पावसाचा जोर वाढला की गोव्यात आपण गाडी कडेला घेऊन थांबतो. तिथे तसे करू नये. रस्ता अरुंद, बहुधा उंचवट्यावर बांधलेला आणि कडेला मोकळी जागा नसलेला असतो. थांबायचे ते आखून दिलेल्या थांब्यांवरच. धबधबा कितीही देखणा दिसला तरी मधेच ब्रेक लावू नये.

पूल, खडी आणि मेंढ्या

मार्ग क्रमांक १ वरही अजून एकेरी पूल शिल्लक आहेत. त्यांच्या आधी पिवळी पाटी येते. ती दिसताच वेग उतरवावा आणि समोरच्या टोकाकडे पाहावे. जो पुलाच्या अधिक जवळ आहे तो आधी जातो, ही सर्वमान्य रीत आहे, परंतु समोरचाही पर्यटक असू शकतो हे लक्षात घेऊन शंका आली की आपणच थांबावे. पूल लांब असेल तर मध्ये गाड्या बाजूला घेण्यासाठी रुंद जागा केलेल्या असतात.

डांबर संपून खडी सुरू होते ती जागा पुलापेक्षा धोकादायक आहे. ताशी नव्वदच्या वेगात खडीवर आलेली गाडी घसरते आणि घाबरून स्टिअरिंग फिरवले की उलटते; म्हणून पाटी दिसताच, म्हणजे डांबरावर असतानाच, वेग कमी करावा. समोरून वाहन येत असल्यास आणखी हळू व्हावे, नाहीतर काचेवर दगड येतो. 'ब्लिंडहैथ' अशी पाटी म्हणजे पलीकडचे न दिसणारा चढ. तिथे उजवी कड धरून राहावे.

पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर गुरे बसलेली असतात तशा तिथे उन्हाळाभर मेंढ्या मोकळ्या फिरतात. फरक इतकाच की गाय सहसा जागची हलत नाही आणि मेंढी हलते. आई एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले तर कोकरू धावणारच असे समजून गाडी जवळजवळ थांबवावी. मेंढी मेली तर भरपाई चालकाकडून मागितली जाऊ शकते.

ज्वालामुखीचा प्रदेश

सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. आइसलँडमध्ये तोच पाषाण आजही तयार होतो आहे, आणि याचा संबंध थेट रस्त्याशी येतो. ज्या रेक्यानेस द्वीपकल्पावर विमानतळ आहे तिथे २०२१ पासून वारंवार उद्रेक होत आहेत. ग्रिन्दाविक हे गाव १० नोव्हेंबर २०२३ रोजी रिकामे करावे लागले आणि तिकडे जाणारा रस्ता त्यानंतर एकाहून अधिक वेळा लाव्ह्याखाली गेला. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी आणि परतीच्या सकाळी तिथली स्थिती पाहणे हा नेमाचा भाग समजावा. उद्रेक पाहण्याची मुभा असली तरी आखलेल्या वाटेवरूनच जावे, वारा पाठीवर घ्यावा आणि खोलगट जागेत थांबू नये, कारण विषारी वायू तिथे साचतो. नव्या लाव्ह्याची साय काळी आणि टणक दिसत असली तरी तिच्यावर पाय ठेवायचा नाही.

दक्षिणेला धोका वेगळ्या वाटेने येतो. तिथले ज्वालामुखी हिमनद्यांच्या खाली आहेत. उद्रेक झाला की बर्फ वितळून प्रचंड पूर सुटतो. १९७४ मध्ये स्केदरार्सांदुरच्या वाळवंटावर पूल झाल्यावर बेटाची फेरी प्रथमच पूर्ण झाली, आणि १९९६ मध्ये अशाच पुराने तिथल्या पुलाचे तुकडे केले. त्याचे पिळवटलेले लोखंडी गर्डर स्काफ्ताफेलजवळ रस्त्याच्या कडेला ठेवले आहेत. तिथे जरूर थांबावे, पाण्याच्या जोराची कल्पना त्याहून चांगली कशानेच येत नाही. विक गावाच्या मागचा कात्ला हा ज्वालामुखी १९१८ नंतर मोठ्या प्रमाणावर फुटलेला नाही. त्या पट्ट्यात असताना मोबाइलवर इशारा आला तर सामान न आवरता उंच जागी जावे. विकमध्ये टेकडीवरचे चर्च ही त्यासाठीची जागा आहे.

विकजवळच्या रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूवर आपल्या किनाऱ्यांसारखे जीवरक्षक नसतात. दहा लाटा शांत येतात आणि अकरावी माणसाला ओढून नेते. तिथे मृत्यू झालेले आहेत. प्रवेशापाशी लावलेल्या दिव्यांचा इशारा पाळावा आणि समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये.

रस्ता सोडून गाडी घालणे हा गुन्हा आहे. १७८३ च्या लाकी उद्रेकाच्या लाव्ह्यावर आज जी जाड हिरवी शेवाळी दिसते ती वाढायला पिढ्या लागल्या. चाकाचा ओरखडा तिथे अनेक वर्षे राहतो.

पठारावरच्या नद्यांविषयी माझा सल्ला नकाराचा आहे: पहिल्या खेपेस त्या ओलांडू नयेत. ज्यांना जायचेच असेल त्यांनी सकाळी लवकर जावे, कारण दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून हिमनदीचे पाणी चढते, आणि दुसरी गाडी सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरू नये. जे पाणी पायी ओलांडण्याची हिंमत होत नाही त्यात गाडीही घालायची नाही.

इंधन, खाणे आणि रोजची तपासणी

पूर्वेकडे आणि उत्तरेकडे पंप विरळ आहेत, म्हणून टाकी निम्मी झाली की भरावी. भरून देणारा माणूस नसतो. यंत्रात कार्ड घालून पिन दाबावा लागतो. हिरवी नळी सहसा पेट्रोलची आणि काळी डिझेलची असते, तरी टाकीच्या झाकणावर लिहिलेले वाचूनच हात लावावा.

मांस आणि दुधाचे पदार्थ घरून नेऊ नयेत, 'चोरीस' (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) तर नाहीच. सीमाशुल्क विभाग ते काढून घेतो. चपातीचे पीठ, पोहे, लोणचे यांवर आठवडा निघतो आणि स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास खर्च बराच वाचतो. सुक्या मासळीची ओढ लागली तर तिथला 'हार्थफिस्कुर' लोण्याबरोबर खाऊन पाहावा. बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नयेत: थंड नळाचे पाणी उत्तम असते, गरम नळाच्या पाण्याला मात्र भूगर्भातल्या गंधकाचा वास येतो.

रोज सकाळी चहा होण्याच्या आत तीन गोष्टी पाहाव्यात: हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी किंवा लाल इशारे, रस्ते प्रशासनाचा नकाशा आणि सेफट्रॅव्हल या संकेतस्थळावरील सूचना. रस्त्यांची माहिती १७७७ या क्रमांकावर फोनवरही मिळते, आणीबाणीसाठी ११२. नकाशावर रस्ता बंद दाखवला असेल तर तो बंदच असतो, समोर अडथळा नसला तरी. त्या दिवशी मुक्काम हलवू नये आणि मोकळा ठेवलेला दिवस खर्च करावा.

अनेक धबधब्यांपाशी पार्किंगला शुल्क असते आणि कॅमेरा पाटीचा क्रमांक टिपतो. ते त्याच दिवशी ॲपवर भरावे, नाहीतर कंपनी आपला आकार वर चढवते. आकुरेरीजवळच्या बोगद्याचा टोलही असाच ऑनलाइन भरायचा असतो. गाडी परत करण्याआधी केफ्लाविकमध्ये टाकी भरावी, पंपावरच्या नळाने चिखल धुवावा आणि पुन्हा एकदा चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत. विमानाच्या वेळेआधी किमान तीन तास हातात ठेवावेत.