शेवटच्या एसटीच्या आधी: मुलींच्या रोबोटिक्स क्लबची तयारी

सगळ्यात आधी एसटीचं वेळापत्रक कागदावर उतरवून घ्या. अंबाजोगाईकडच्या आमच्या शाळेत निम्म्या मुली वाडी-वस्तीवरून येतात. अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण संध्याकाळची गाडी चुकली की तो पास दप्तरात राहतो आणि मुलगी फाट्यावर उभी. असं एकदा जरी झालं तरी दुसऱ्या दिवशी घरून निरोप येतो, "राहू द्या मॅडम तिला." म्हणून क्लब आठवड्यातून दोनच दिवस, शाळा सुटल्यावर सव्वा तास, आणि त्यातली शेवटची दहा मिनिटं आवराआवरीची. दिवाळीनंतर लवकर अंधारतं. तेव्हा एक दिवस शनिवारी धरा, सकाळची शाळा सुटली की लगेच.

पालकांची बैठक घ्याल तेव्हा आयांना आग्रहानं बोलवा आणि वेळ त्यांच्या शेतावरून परतण्याची ठेवा. रोबोटिक्स म्हणजे काय हे भाषणात सांगू नका. टेबलावर एक दिवा लुकलुकता ठेवा, त्याला जोडलेलं बटण आयांनाच दाबू द्या. मग पोरगी किती वाजता सुटेल, कुणासोबत येईल, तेवढं स्पष्ट सांगा. मुलींचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. आणि शाळा सुटल्यावर शिपाई स्वच्छतागृहाला कुलूप लावून जातो, ती किल्ली तुमच्याकडे मागून घ्या. बादलीत पाणी आहे ना, कपाटात सॅनिटरी पॅड आहेत ना, हेही त्याच दिवशी बघा. याविषयी कुठलीच मुलगी तोंडानं बोलत नाही, ती नुसती यायची बंद होते.

आता सामान. चोवीस मुली असतील तर तिघींचे आठ गट करा, आणि आठ संचांबरोबर दोन बोर्ड जास्तीचे आणा. आम्ही अर्डुइनो उनो या, संगणकावरून प्रोग्रॅम घालून चालवायच्या छोट्या बोर्डवर शिकवतो. त्यावर 14 डिजिटल (चालू-बंद) आणि 6 अॅनालॉग (कमी-जास्त मोजणाऱ्या) पिना असतात आणि तो 5 व्होल्टवर चालतो. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांवर यूएसबी सांभाळणारी सीएच 340 ही चिप असते. तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकात घालायचा छोटा प्रोग्रॅम, नसेल तर संगणकाला बोर्ड दिसतच नाही. ड्रायव्हर आणि अर्डुइनोचं सॉफ्टवेअर दोन्ही पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा, कारण रेंज नेमकी त्याच दिवशी जाते. यूएसबी केबली एकेक करून तपासा. काही केबलींतून फक्त चार्जिंग होतं, प्रोग्रॅम जातच नाही. माझा पहिला अख्खा तास त्यात गेला होता आणि मुलींना वाटलं, चूक आपलीच आहे. लॅपटॉप दुपारीच चार्ज करून ठेवा, लोडशेडिंगचा भरवसा धरू नका.

चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी दुकानदार हमखास पुढे करतो. बोर्डामार्फत सेन्सरला ती चालेल, मोटारीला नाही. चाकं चार फेरे मारतात आणि मग गाडी जागेवर कुरकुरत बसते. पिवळ्या बीओ मोटारींना (खेळण्यातल्या गाडीच्या चाकांच्या छोट्या मोटारी) रिचार्ज होणारे पेन्सिल सेल घ्या. एल 298 एन हा मोटार ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमावर मोटार फिरवणारी पट्टी) स्वतःच जवळजवळ 2 व्होल्ट खातो, हे धरून सेल मोजा. मोबाईलच्या जुन्या लिथियम बॅटऱ्या काढून वापरायचा मोह टाळा. त्या फुगतात, पेट घेतात. सोल्डरिंग, म्हणजे धातूची तार वितळवून जोड देणं, पहिले दोन महिने नकोच, ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी नुसत्या खोचायच्या भोकांच्या पाटीवर, भागतं. पुढे कराल तेव्हा खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मा, वेण्या मागे, ओढणी कमरेला गच्च खोचलेली आणि नंतर साबणानं हात धुतलेले.

पहिल्या दिवशी एका मुलीनं मला विचारलं होतं, "माह्या हातून जळलं तर पैशे भरावे लागतील का?" तेव्हापासून मी पहिला एलईडी स्वतः जाळते. चष्मा घालून, मुलींना हातभर लांब उभं करून, रेझिस्टर न लावता बॅटरीला जोडते आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जातो. मग वीज आवरून धरणारा 220 ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून दुसरा लावते. तो टिकतो. जळलेला एलईडी वहीत चिकटवायचा आणि खाली का जळला ते लिहायचं. दोन-तीन रुपयांची वस्तू जाते, पण मुलींचे हात मोकळे होतात. एवढ्यासाठी जास्तीचे पन्नास एलईडी यादीत धराच.

हात कुणाचे चालतात, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मुलगे-मुली एकत्र असले की मुलगा माउस धरतो आणि मुलगी सुंदर अक्षरात वही लिहिते, हे मी बरेचदा पाहिलंय. फक्त मुलींच्या गटातही घरी लॅपटॉप असलेलीच पुढे सरकते. म्हणून एकीकडे कीबोर्ड, दुसरीकडे वायरी, तिसरीकडे वही, आणि दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवून बदल. शिकवणाऱ्यानं आपले हात पाठीमागे बांधावेत. अडलेल्या मुलीच्या हातातली वायर घेऊन आपण खोचली, की तिचा तो धडा गेला.

शिकवायचे दाखले आधीच काढून ठेवा. मायक्रोबिट हा दुसरा छोटा बोर्ड मिळाला तर त्यावरचे 25 दिवे म्हणजे पाच बाय पाच ठिपक्यांची रांगोळीच. वहीत ठिपके काढून नक्षी ठरवायची, मग तेच कोड. 'जर-तर-नाहीतर' मराठीत बोलून घ्या, पडद्यावरचं इंग्रजी त्यानंतर. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर समजवायला विहिरीत मारलेली हाक आठवून द्या. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. एक मीटरवर आपटून परत यायला त्याला सुमारे 6 मिलिसेकंद लागतात, आणि जाऊन-येऊन असल्यानं उत्तराला दोननं भागायचं. हा सेन्सर पाण्याच्या पिंपाच्या झाकणाखाली लावा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते घरातल्या मोठ्यांना विचारून या म्हणावं. पाणी किती उरलंय ते सांगणारं यंत्र या मुलींना कुणी पटवून द्यावं लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलींची वेगळी नोंद ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्षभराचा एकच मोठा प्रकल्प आखलात तर या मुली अर्ध्यातून सुटतात. पाच-सहा आठवड्यांत पुरे होतील असे तुकडे करा, आणि जाणाऱ्या मुलीला तिची वही सोबत द्या. हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहणार असेल तर तिथं जाऊन वेळेचं बोलून या. परतलेल्या मुलीला आल्या दिवशी कीबोर्डवर बसवा.

लातूरला शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. तिथली एखादी विद्यार्थिनी दिवसभरासाठी येते का, ते पत्र लिहून विचारा. प्रवासखर्च आणि जेवण आपल्याकडून.

उरलं आवरणं. स्क्रू उचलायला लोहचुंबक, प्रत्येक संचाच्या डब्यावर आत काय काय आहे याची चिठ्ठी, सेल चार्जिंगला लावायची पाळी. बोर्ड दहाचे दहा मोजून कपाटात ठेवायचे, हजेरीची वही घ्यायची, आणि मुलींबरोबर फाट्यापर्यंत चालत जायचं.