वाकडा गावठाण प्लॉट ऑटोकॅडमध्ये बिनचूक कसा बसवावा

चोपडा, यावल, एरंडोल, पारोळा, कुठल्याही जुन्या वस्तीत काटकोनातला प्लॉट क्वचितच सापडतो. तरीही चार बाजू मोजून ऑटोकॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या संगणक प्रोग्रॅममध्ये, सरळ रेक्टँगल (आयत) मारला जातो आणि पाया आखायच्या वेळी मागची भिंत शेजारच्या हद्दीत निघते. म्हणून चार बाजूंबरोबर दोन्ही कर्ण मोजाच. मातीच्या जुन्या भिंती खाली जाड आणि वर बारीक असतात, त्यामुळे सगळी मापं जोत्याच्या एकाच उंचीवर घ्या. ओट्यावरून टेप नेली की ती झोळते आणि माप जास्त येतं. मे महिन्याच्या उन्हात 30 मीटरची पोलादी टेप 8 मिमीच्या आसपास वाढते, तेवढ्याची काळजी नको. फायबरची टेप जोरात ओढून येणारी चूक त्याहून मोठी असते.

समजा पुढची बाजू अब 9.10 मीटर, बक 14.35, मागची बाजू कड 8.62, डअ 14.80 आणि कर्ण अक 17.60 आहे. आधी युनिट्समध्ये डेसिमल आणि मीटर निवडा, मग अब रेषा काढा. अ केंद्र धरून 17.60 त्रिज्येचं वर्तुळ, ब केंद्र धरून 14.35 चं. दोन्ही जिथे छेदतात तो क. छेद दोन मिळतात, प्लॉट ज्या बाजूला आहे तो घ्या. आता अ वरून 14.80 आणि क वरून 8.62 ची वर्तुळं काढली की ड मिळतो. इथेही कर्णाच्या ब नसलेल्या बाजूचा छेद घ्या. इंटरसेक्शन स्नॅप (छेदबिंदू अचूक पकडणारी सोय) चालू ठेवा, नजरेने टोक जुळवू नका.

दुसरा कर्ण बड आता काढायचा नाही, तपासायचा. डिस्ट कमांडने तो 16.49 दाखवतो. जागेवरचं माप दोन सेंटिमीटरच्या आत जुळलं तर पुढे जा. नाहीतर पुन्हा मोजायला जावं लागेल, दुसरा इलाज नाही. याच चार बाजूंना काटकोन धरला असता तर मागचे कोपरे मीटरभराहून जास्त सरकले असते.

हद्द बंद पॉलीलाइनने (सलग जोडलेल्या एकाच रेषेने) काढा आणि प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लोज्ड’ समोर ‘येस’ आहे ना, ते बघा. क्षेत्रफळ तिथेच 128.74 चौ. मी. दिसेल. सामाईक भिंतीची मध्यरेषा वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवा. डायमेन्शनचा (नकाशावर लिहिलेल्या मापाचा) आकडा कधीही हाताने बदलू नका: भूमिती चुकलेली असेल तर ती तशीच राहते आणि कागदावर मात्र ठीक दिसते.

जुनी फाइल फुटात असेल तर सगळं निवडून स्केल 0.3048 द्या. आर्किटेक्चरल युनिट्समध्ये काढलेल्या फाइलचं एकक मात्र इंच असतं, तिथे 0.0254. हीच गल्लत सर्वात जास्त होते. नंतर 30 फुटांची एक बाजू मोजा, 9.144 आलीच पाहिजे.

मराठी मजकुरासाठी मंगल किंवा निर्मला यूआय हा फॉन्ट घ्या. जुने नॉन-युनिकोड फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसले की नावांच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात.

वीज कधीही जाते, म्हणून सेव्हटाइम 5 ठेवा, म्हणजे दर पाच मिनिटांनी काम आपोआप सेव्ह होतं. यूपीएस नसेल आणि संगणक बंद पडला, तर ऑटोसेव्हच्या फोल्डरमधल्या एसव्ही-डॉलर (.sv$) फाइलची प्रत घ्या, एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी करा आणि उघडा. ती उघडली नाही तर मूळ फाइलशेजारची बॅक (.bak) फाइल अशीच उघडते; तिच्यात शेवटच्या सेव्हच्या आधीचं काम असतं.

छपाई लेआउटमधून, म्हणजे छापायच्या कागदाच्या पानावरून करा. नकाशा मीटरमध्ये आणि कागद मिलिमीटरमध्ये असल्याने 1:100 साठी व्ह्यूपोर्टमध्ये (त्या पानावर नकाशा दाखवणाऱ्या चौकटीत) झूम 10एक्सपी द्या, मग व्ह्यूपोर्ट लॉक करा. छापलेल्या कागदावर पट्टी ठेवा: 9.10 ची बाजू 91 मिमी भरली पाहिजे. 88-89 भरली तर ‘फिट टू पेपर’ चालू राहिलं असणार. ते काढून प्लॉट स्केल 1:1 करा.