लाकूडतोड्यांचं गाव रचताय? तह खुंटावर लिहा

गेली चार वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण नागपुरात माझ्या घरी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून गोष्टीतली पात्रं व्हायचा खेळ, खेळतो. खेळ चालवते मी. त्यात सगळ्यांत जास्त टिकलेलं गाव म्हणजे दोनघाव. सागाच्या रानाला लागून वसलेलं, लाकडावर पोट असलेलं, आणि रानात राहणाऱ्या लोकांशी तहानं बांधलेलं. तुम्हाला खेळासाठी किंवा कथेसाठी असं गाव उभं करायचं असेल तर सुरुवात तहाच्या कागदापासून करू नका. मी तीच केली होती. चामड्यावर सोनेरी अक्षरं, राजाचा शिक्का, सतरा कलमं. खेळाडूंनी तो तह एकदा वाचला आणि पुन्हा त्याचं नावही काढलं नाही.

मग बाबांचं काम आठवलं. ते गडचिरोलीत आलापल्लीकडे कुपावर, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्यावर, मुकादम होते. तोडायच्या झाडावर हातोड्याची खूण दोन जागी मारायची, एक छातीच्या उंचीला, दुसरी पार बुंध्याशी. ओंडका गाडीवर चढून डेपोला गेला तरी खालची खूण खुंटावर राहते. ज्या खुंटावर खूण नाही तो चोरीचा. माझ्या गावाचं नाव यातूनच आलं. एक हातोडा गावाचा, एक रानातल्यांचा, आणि दोघांचे घाव बसल्याशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही. हे ठरल्यावर तह प्रत्येक खुंटावर दिसायला लागला. रानातल्यांचा हातोडा एका रात्री नाहीसा झाला, तेवढ्यावर आमचे तीन रविवार गेले.

नकाशा काढताना रानाचे २० कूप पाडा. दरसाल एकच तोडायचा, बाकीचे १९ वाढू द्यायचे. म्हणजे पहिल्या कुपाशी परत यायला २० वर्षं लागतात, आणि आजोबांनी तोडलेल्या खुंटाचा फुटवा नातू तोडतो. दोनघावात कुणाला वय विचारलं तर तो कुपाचा आकडा सांगतो.

खुंटाची उंचीही ठरवून टाका. साग खुंटातून पुन्हा फुटतो, आणि जमिनीलगत तोडलेल्या खुंटाचा फुटवा जोमदार येतो. पण वाकून तोडायला कंबर मोडते, उभ्यानं तोडणं सोपं. आमच्या तहात ‘खुंट वितीहून उंच नको’ असं कलम आहे. ते मोडणारा माणूस दुष्ट नसतो, संध्याकाळपर्यंत दमलेला असतो. अशी माणसं गावात हवीतच.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तहात एक शब्द असा ठेवा की दोन्ही बाजू त्याचा अर्थ प्रामाणिकपणे वेगवेगळा लावतील. हे मी गडचिरोलीकडून शिकले. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, २००६ च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज झाला, म्हणजे गावानं गोळा करून विकायचा रानमाल. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागायचा, आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं ते एप्रिल २०११ मध्ये. जुन्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू निघाला २०१७ साली. एका शब्दावर एवढी वर्षं गेली! दोनघावचा शब्द आहे ‘मेलेलं’. मेलेलं झाड गावाचं, असं कलम. गावाच्या मते वाळून कोळ झालेलं झाड मेलेलं. रानातल्यांच्या मते ढोलीत पोपट नांदतोय तोवर ते जिवंत. त्यात बाहेरून आलेला एक व्यापारी भर उन्हाळ्यात पानं गाळून उभा असलेला सागच मेलेला म्हणून दाखवतो, आणि साग ओळखणारा खेळाडू टेबलावर नसेल तर त्याचा डाव पचतोही.

रानातल्या लोकांबद्दल एक कळकळीची विनंती. गोंड, माडिया माणसांचे देव, गोटुल (तरुणांनी एकत्र जमायचं घर), गोंदण जसंच्या तसं उचलून त्यावर परीकथेतल्या वनवासींचे टोकदार कान चिकटवू नका. ती आज जगणारी, ग्रामसभेत बसणारी माणसं आहेत. त्यांच्याकडून घ्यायचीच तर पद्धत घ्या. मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सगळ्यांचं जुळेपर्यंत बोलणं चालतं. माझ्या रानातल्यांची सभा तशीच चालते, एक माणूस अडला तर हातोडा बाहेर येत नाही. खेळाडूंना त्या एका माणसाचं ऐकत बसावं लागतं, आणि बहुतेकदा त्याचं म्हणणं रास्त निघतं.

पहिला प्रसंग लहान ठेवा. पहाट, सातवा कूप, ओला खुंट. खुंट वितीएवढाच आहे, तोड स्वच्छ आहे, म्हणजे तोडणारा कसबी. खाली बुंध्याशी घाव एकच. कुणाच्या हातोड्याचा, ते खेळाडूंना वाकून बघू द्या.